पंख्यामागे एक वाटा

अक्षय तृतीयेला सोनकुसऱ्यांच्या घरात पितरांना गार पाणी मिळतं आणि जिवंत माणसांची डोकी तापतात. यंदा काही वेगळं घडेल अशी नंदिनीला आशा नव्हती. सकाळी दहालाच नळाचं पाणी चटके देत होतं, रसासोबत खायचे कणकेचे सरगुंडे उकडायचे राहिले होते, आमरसाचं पातेलं फ्रिजमध्ये मावत नव्हतं, आणि सासूबाई पुढच्या खोलीत पाटावर दोन घागरी मांडून बसल्या होत्या. एक सासरे बाबनरावांची, दुसरी मधला दीर दुर्गेशची. बाबनरावांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, दुर्गेशला चार. दोन्ही घागरींवर एकेक आंबा आणि शेजारी एकेक ताडाचा हातपंखा. मेलेल्यांनाही वैशाखात उकडतं, असा रुख्माबाईंचा पक्का समज होता.

"नंदिनी, दुर्गेशचा पंखा फाटका आणला वं किसनानं. बदलून आण म्हणा त्याले."

"आई, आता कुठं जातीन ते या उन्हात? राहू द्या ना."

"पोराले वर्षातून एक पंखा देतो आपण. तोही फाटका?"

सासूबाईंना उत्तर दिलं की त्यातून दुसरा प्रश्न निघतो, हे नंदिनी सत्तावीस वर्षांत शिकली होती. तिनं स्वयंपाकघरातून स्वतःचा हातपंखा आणून दुर्गेशच्या घागरीपाशी ठेवला आणि फाटका घेऊन गेली.

तेवढ्यात भूपेश कागदांची थप्पी घेऊन जिना उतरला. तो घरातला धाकटा. बायको मयुरी माहेरी भिवापूरला मिरच्या आणायला गेलेली, म्हणून सकाळपासून खालच्या मजल्यावर मुक्काम.

"वहिनी, जेवणाच्या आंधी सह्या होऊन जाऊ द्या. आज संध्याकाळी सहापर्यंतच अर्ज घेऊन राहिले."

"आंधी पितरं जेवतीन, मंग तुमचे दादा, मंग सह्या," नंदिनी म्हणाली. "उपाशीपोटी तुमचे दादा कशावरच सही करत नाही. भरल्यापोटीही करत नाही म्हणा."

अर्ज कसला, हे तिला ठाऊक होतं. आठवडाभर घरात दुसरा विषयच नव्हता. वीज कंपनीची नवी योजना निघाली होती. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर मारून देणार, जुने पंखे काढून कमी वीज खाणारे लावणार, आणि त्याचा खर्च पाच वर्षं दर महिन्याच्या बिलातून थोडा थोडा कापून घेणार. बिल जेवढं उतरेल त्यातूनच हप्ता फिटेल, असं तपासणीला आलेला माणूस सांगून गेला होता. त्यानं तिन्ही मजल्यांच्या तारांना आठवडाभर चिमटे लावून कोण किती वीज खातं ते मोजलंही होतं. आणि नेमकी तीच मोजणी नंदिनीला कालपासून खुपत होती.

कारण या घरात मजले तीन, चुली तीन आणि मीटर एक. खाली नंदिनीचा नवरा, थोरला कृष्णकांत, म्हणजे आईचा किसना, मध्ये भूपेश, आणि सगळ्यात वर, थेट स्लॅबखाली, दुर्गेशची वैभवी आणि तिची नऊ वर्षांची मेघा. बिल अजून बाबनरावांच्याच नावानं यायचं आणि वाटलं जायचं तेही त्यांच्याच नियमानं. खाली यंत्रमाग चालत होते तेव्हा बाबनराव आणि त्यांचे भाऊ बिल मागांवर वाटून घेत. माग मोडीत गेले तसं म्हाताऱ्यानं पोरांना सांगितलं, आता पंखे मोजा, पंख्यामागे एक वाटा. तेव्हा घरात पंख्यांशिवाय वीज खाणारं होतंच काय? पुढे खाली एसी आला, मधल्या मजल्यावरही आला. कृष्णकांत म्हणाला, एसी सुरू असला की पंखा बंदच असतो, मग त्याचा वेगळा वाटा कशाला? भूपेशला हे ताबडतोब पटलं. वैभवीनं एकदा विचारून पाहिलं होतं, पण 'बाबांचा नियम आहे' म्हटल्यावर ती गप्प बसली. मेलेल्या माणसाशी कोण भांडणार?

वही नंदिनीकडे असायची. दर महिन्याला पंखे मोजून ती वाटे लिहायची.

जेवणं झाली. घरातली एकच खोली बसण्यासारखी होती, कृष्णकांतची एसीची. सगळे तिथे जमले. गच्ची तापते म्हणून भांडायचं, तर ते थंड खोलीत बसूनच भांडायला हवं होतं. मेघा आमरसाची वाटी घेऊन आईला चिकटून बसली होती. आठवड्यात दोनदा तिचा घोळणा फुटला होता आणि नाकाच्या कडेला अजून रक्ताची पुसट रेघ होती.

"मेघा, बेटा, वर जाय," कृष्णकांत मायेनं म्हणाला. "मोठ्या लोकाईच्या गोष्टी आहेत."

मेघा आईकडे बघत उठली आणि वाटी घेऊन गेली. दार एसीसाठी लगेच लावून घेण्यात आलं.

भूपेशनं कागद पलंगावर पसरले. ही योजना त्यानंच शोधून आणली होती. गच्ची थंड झाली की मधला मजलाही थंड होणार, पंखे नवे मिळणार आणि वैभवी वहिनीचा दुवाही मिळणार, असा त्याचा साधा सरळ हिशोब होता. अडचण घरातल्यांना समजावण्याची होती.

"पह्यले नाव बदलाचं आहे," तो म्हणाला. "मीटर बाबांच्या नावानं आहे. जिवंत माणसाचं नाव पाहिजे. म्हणून सगळ्या वारसांची नाहरकत."

"त्यायचं नाव कशाले काढता?" रुख्माबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या.

"आई, काढून नाही राहिलो. बदलून राहिलो."

"एकच झालं. राशनकार्डातून काढलं, ब्यांकेतून काढलं. आता बिलावरून पण काढता? दर महिन्याले तेवढा एक कागद येते त्यायच्या नावानं."

"आई, तो बिलाचा कागद आहे! त्याच्यात काय प्रेम आहे?"

"तुले नाही समजाचं," रुख्माबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

भूपेशनं कपाळावर हात मारला. आई एकवेळ वळेल, पण खरा डोंगर समोर लोडाला टेकून दात कोरत बसला होता.

"मले एक सांग," कृष्णकांतनं सुरुवात केली. "गच्ची कोणाच्या डोक्यावर आहे? माह्या आहे का? माह्या डोक्यावर तर तू आहे. मंग वरच्या गच्चीचा हप्ता मी काहून भरू?"

"दादा, हप्ता कोणाच्या मानेवर नाहीच ना. मीटरच्या मानेवर आहे. बिल कमी होईन, त्याच्यातूनच जाईन."

"कोणी कोणाले फुकट देते का नागपुरात? चहावाला पाणी देत नाही कटिंगच्या आंधी."

"फुकट नाही म्हणून तर सांगून राहिलो, पाच वर्षं—"

"हा! पाच वर्षं!" कृष्णकांत सरळ बसला. याच शब्दाची वाट पाहत होता तो. "साठ हप्ते. जो या घरात राहीन तो भरन. बरोबर? मंग मी सरळ विचारतो, वाईट मानू नका कोणी. वैभवी पाच वर्षं राहीन का इथं?"

नंदिनीनं नवऱ्याच्या पायाला पायानं ढोसलं. त्यानं पाय बाजूला घेतला.

"तिचा भाऊ कामठीले बोलावून राहिला तिले," तो पुढं म्हणाला. "पस्तीस वर्षाची पोरगी आहे. उद्या जाईन, लग्न करन, करावंच, मी काही नाही म्हणत नाही. पण गच्ची तिच्यासाठी, अन् ती गेल्यावर हप्ते माह्या बोकांडी?"

वैभवीला राग यायला हवा होता. आला तो कंटाळा. चार वर्षं या घरात तिच्याविषयी प्रत्येक गोष्ट अशीच ठरायची, जणू ती बसस्टँडवर पिशवी घेऊन बसली आहे आणि गाडी लागली की उठणार. टाकी बदलायची, तर वैभवी राहणार का? जिन्याला जाळी लावायची, तर वैभवी राहणार का? भावानं बोलावलं होतं हे खरं. जायचं की नाही हे तिनं ठरवलं नव्हतं. मेघाचा घोळणा तिसऱ्यांदा फुटला तर ठरवावं लागेल, एवढंच तिला कळत होतं.

"भाऊजी, माह्यं नंतर बोलू," ती म्हणाली. "आंधी तो तपासणीचा कागद वाचू."

"तो काय, नुसते आकडे आहेत," भूपेश घाईनं म्हणाला. "सह्या या पानावर आहेत."

"द्या ना. आकडेच वाचते मी दिवसभर."

ते खरंच होतं. सक्करदऱ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रोज शंभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट वाचायची. तिला कागद उलटायला लागला एक क्षण आणि समजायला दुसरा. मग तिनं तो मोठ्यानं वाचला, रिपोर्ट वाचतात तसा, आवाज न चढवता.

"तळमजला, निम्मी वीज. पह्यला मजला, तिसरा हिस्सा. दुसरा मजला, सहावा हिस्सा." तिनं मान वर केली. "ताई, मी बिलाचा किती भरते?"

नंदिनीला वही उघडायची गरज नव्हती. "तिघांकडं तीन-तीन पंखे. तिसरा हिस्सा."

"म्हणजे जाळते सहावा, भरते तिसरा. दुप्पट. चार वर्षं तर मी एकटीच भरून राहिली, त्याच्या आंधी हे भरत होते. भाऊजी, तुमच्या बोकांडी मी येईन म्हणता. आतापर्यंत कोण कोणाच्या बोकांडी होतं?"

भूपेशला एसीतही घाम फुटला. शुक्रवारीच त्यानं ते पान वाचलं होतं. वहिनीला गच्ची करून द्यायची, म्हणजे हे पान काढायची वेळच येणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. योजना चांगली होती, पण मागच्या बिलांचा विषय निघाला तर त्यात त्याचाही एसी होता. पाच मिनिटांपूर्वी वैभवीच्या बाजूनं तावातावानं भांडणारा भूपेश पलंगावरून सरकत सरकत मोठ्या भावाच्या लोडापाशी पोचला.

"तसं नाही वहिनी," तो म्हणाला. "एका आठवड्याच्या मोजणीवर कसं सांगता येते? अन् नियम बाबांचा होता..."

"बरोबर," कृष्णकांत म्हणाला. आज पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं होतं.

"वाह रे भूपेशभाऊ," वैभवी म्हणाली. "आता तर माह्या बाजूनं होते!"

"मी कोणाच्याच बाजूनं नाही. मी योजनेच्या बाजूनं आहे."

"पुढं वाच," रुख्माबाई म्हणाल्या.

"आई, पुढं काही नाही. पंखे, दिवे मोजले आहेत त्यानं."

"वाच म्हणते ना."

वैभवीनं कागदाकडे पाहिलं आणि ती त्याची घडी घालू लागली. नंदिनीनं तो ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला. दुसरा मजला, मागची खोली, असं लिहिलं होतं. पंखा नसलेला हुक, एक.

"पंखा नाही?" रुख्माबाईंनी विचारलं. "मांगच्या खोलीत तर पोरगी झोपते. तिथं पंखा होता. दुर्गेशनं लावला होता, माह्यासमोर."

याचं उत्तर वैभवीखेरीज फक्त नंदिनीला ठाऊक होतं. मागच्या वर्षी फाल्गुनात ती पापड वाळत घालायला वर गेली होती. तेव्हा तो पंखा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला तिनं पाहिला होता. काहून काढला हे तिनं विचारलं नाही, कारण तिला कळलं होतं. खाली येऊन तिनं वहीत वैभवीच्या नावापुढे चारऐवजी तीन लिहिलं. त्या महिन्यापासून बाकी दोघांचा वाटा थोडा वाढला तेव्हा कृष्णकांतनं कटकट केली होती, आणि ती गप्प बसली होती. एवढंच तिनं केलं होतं जावेसाठी.

"काढून ठेवला तिनं," नंदिनी म्हणाली. "पंख्यामागे वाटा लागते ना, आई. एक पंखा कमी, एक वाटा कमी. दोघी मायलेकी समोरच्या खोलीत एका पंख्याखाली झोपतात, अन् दुपारी पोरगी मांगं अभ्यास करते बिनपंख्याची."

"तुले माहीत होतं?" कृष्णकांत तिच्यावर ओरडला.

"हो, माहीत होतं! अन् तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? हुक मोजला असता!"

सत्तावीस वर्षांत नंदिनी चारचौघांत नवऱ्यावर पहिल्यांदा ओरडली. कृष्णकांत वाईट माणूस नव्हता. इतवारीच्या कापड दुकानात तीस वर्षं नोकरी करून त्यानं धाकट्या दोघांची शिक्षणं केली होती, दुर्गेशच्या दवाखान्यात रात्रंदिवस बसला होता. पण त्याच्या नियमाला कोणी बोट लावलं की त्याला वाटायचं, आता सगळं घरच हातातून जाणार.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पंख्याचा नियम सोडू. मजल्यामजल्याले वेगळी मोजणी लावू. पण ते वेगळं अन् हे वेगळं. पाच वर्षांचा सवाल अजून तिथंच आहे."

"अरे देवा," नंदिनी म्हणाली.

रुख्माबाई इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांच्या मनात दुर्गेशची घागर होती, तिच्याजवळचा पंखा होता आणि तो फाटका म्हणून सकाळी त्यांनी केलेला आरडाओरडा होता. मेलेल्या लेकाला वारा पुरेल की नाही याची त्यांनी किती काळजी केली. आणि त्याच्या लेकीच्या डोक्यावर नुसता हुक! चार वर्षांत आपण वर किती वेळा गेलो? गुडघे दुखतात म्हणून गेलो नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. आपणही या थंड मजल्यावरच्याच.

"भूपेश, नाव माह्यं टाक," त्या म्हणाल्या. "त्यायची घागर भरली सकाळी. बिल कशाले भरू त्यायच्या नावानं आता? मेलेल्या माणसाकडून हप्ते कोण घेईन?"

"हे झालं ना!" भूपेशनं पेन काढलं. "दादा, तुमची सही."

"माह्या सवालाचं उत्तर मिळाल्यावर. पाच वर्षं..."

रुख्माबाई उठल्या. दार उघडून पुढच्या खोलीत गेल्या, दुर्गेशच्या घागरीजवळचा हातपंखा उचलला आणि जिन्याकडे वळल्या. एका हातात पंखा, दुसरा हात कठड्यावर. पहिल्या पायरीवर पाय ठेवून त्यांनी क्षणभर श्वास घेतला.

"आई, कुठं जाऊन राहिली?" कृष्णकांत धावत बाहेर आला.

"वर. नातीपाशी. तुमचं ठरत बसू द्या पाच वर्षं. मी तोवर तिले वारा घालते."

"वेडी झाली का? दोन वाजले दुपारचे! चव्वेचाळीस डिग्री आहे! वर स्लॅब नुसता तवा झाला असन. आई, वर जाऊ नको, मरशील तिथं!"

तो बोलून गेला. मागोमाग आलेल्या नंदिनीनं ऐकलं, भूपेशनं ऐकलं, दारात उभ्या वैभवीनं ऐकलं. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतः ऐकलं.

रुख्माबाई पहिल्या पायरीवरूनच वळल्या. "जेवल्यावर मेघाले तूच वर धाडलं, किसना," त्या म्हणाल्या.

कृष्णकांतनं आईला हाताला धरून पायरीवरून खाली घेतलं, खुर्चीत बसवलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. दुर्गेश गेल्यापासून तो भरउन्हाळ्यात एकदाही त्या मजल्यावर चढला नव्हता. खाली सगळे उभेच राहिले. वैभवी त्याच्यामागे निघाली होती, नंदिनीनं तिचा दंड धरून ठेवला. "जाऊ दे त्यायले एकट्याले," ती म्हणाली. "पाहू दे जरा."

वर गेलेल्या माणसाला परत यायला बराच वेळ लागला. तो आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि खांद्यावर झोपलेली मेघा होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते, गाल लालबुंद झाले होते, हातात आमरसाची रिकामी वाटी तशीच होती. कृष्णकांतनं तिला आपल्या पलंगावर एसीसमोर आडवं केलं, वाटी काढून घेतली आणि कडेला बसून राहिला. बराच वेळ तो तिच्या कपाळावरचे केस बाजूला करत होता.

भूपेशला कुठं काय बोलावं हे लहानपणापासून कळत नाही. कागद हातात घेऊन तो पुढं झाला. "मंग दादा, ते पाच वर्षांचं काय कराचं?"

"पाच वर्षांत हे चौदा वर्षाची होईन," कृष्णकांत मेघाकडे बघत म्हणाला. "सही कुठं कराची ते सांग."

भूपेशनं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली, आणि पेन वैभवीच्या हातात दिलं.